बोळनिधी आणि एक गादी

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि तो त्यांनी एका कुलपाशी भांडण्यात घालवला. कुलपाशी म्हणजे कुलपाशीच. कारण ज्याने ते लावलं तो हॉटेलवाला कधी समोर येत नसे आणि त्याचा पहारेकरी इतका नम्र होता, की त्याच्याशी भांडायची बाबांना लाज वाटे. इमारतीच्या मागून थेट बसथांब्यावर निघणारा बोळ हॉटेलवाल्याने लोखंडी फाटक लावून बंद केला होता आणि आत रिकामे सिलिंडर आणि मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या, म्हणून बाबांनी त्याच्यावर खटला भरला होता. बाबांची उभी हयात भूमापन खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. दुसऱ्याची इंचभर जागा त्यांनी कधी आपली म्हटली नाही. पण रस्ता सगळ्यांचा असतो, आणि सगळ्यांचं कुणी एकट्याने गिळलं की ते बाबांच्या घशात अडकत असे. त्या रविवारी त्यांनी फाटकाच्या सळ्यांतून मोजपट्टी आत सरकवली, पहारेकऱ्याने बिचाऱ्याने तिचं दुसरं टोक धरलं, आणि वादी-प्रतिवादींनी मिळून बोळाची रुंदी पुन्हा एकदा मोजली. ती मागच्या रविवारइतकीच भरली. बाबा समाधानाने घरी आले.

घरी त्यांनी चहाला नावं ठेवली, कारण तो लेकीने केला होता. मग तोच चहा आणखी अर्धा कप मागून घेतला. लेक खिडकीत बसून छापखान्यातून आणलेली प्रुफं तपासत होती. चाळिशी ओलांडलेल्या या लेकीला सारी इमारत ताई म्हणे, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. त्यामुळे आपणही तिला ताईच म्हणू.

"मुली, 'सत्य'ला दुसरा शब्द सांग," बाबा टेबलावरून म्हणाले.

"कशाला?"

"वकिलांना पत्र लिहितोय. एका पानात सत्य चारदा आलं."

"मग तीनदा खोडा."

"सत्य खोडायचं?"

"एकदा पुरतं, बाबा."

बाबांनी तीनदा खोडलं, उद्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली आणि झोपले. सोमवारी सकाळी न्यायालयात अर्जाच्या खिडकीपुढच्या रांगेत ते जरा टेकतो म्हणून खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्यापुढे एकच माणूस राहिला होता. मागच्या गृहस्थांनी त्यांची जागा शेवटपर्यंत धरून ठेवली, डॉक्टर आले तरी ते सांगत होते, "यांचा नंबर आहे हो, यांना आधी घ्या."

पुढचे दिवस आत्याने सांभाळले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती एक पिशवी घेऊन आली आणि आतल्या खोलीत, बाबांच्या पलंगावर, मुक्कामाला राहिली. फोन तिने केले, आलेल्या-गेलेल्यांना काय झालं कसं झालं हे तिनेच सांगितलं, आणि रोज सांगून सांगून ती हकीगत इतकी रंगली, की शेवटी शेवटी बाबा न्यायाधीशांना चार शब्द सुनावूनच गेले, इथवर मजल पोचली. ताई कप विसळत असे. ती मुळातच मोजकं बोलणारी. वाचायची मात्र अफाट. दुःखावर जगभरच्या लेखकांनी काय काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं. रात्रभर छताकडे बघत पडल्यावर त्यातलं काहीएक उपयोगी पडत नाही, हा शोध मात्र तिला नव्याने लागला.

छताकडे बघायची जागा म्हणजे बाहेरच्या खोलीतला दिवाण. वीस-बावीस वर्षं ती त्यावर झोपत आली होती. त्याच्या मधोमध एक खळगा पडला होता, आणि तो तिच्या मापाचा झाला होता की ती त्याच्या मापाची झाली होती, हे सांगणं कठीण होतं. पाठ धरली की ती म्हणे, "आहे ते बरं आहे." हे तिचं आवडतं वाक्य. मध्यमवर्गात मुली बोलायला शिकतात तेव्हा आधी हेच वाक्य शिकतात.

तर एका दुपारी ती उशीचे अभ्रे आणायला बाजारात गेली. दुकान गाद्यांचंही होतं. विक्रेता अघळपघळ माणूस.

"अभ्रे दाखवतोच हो. तोवर जरा इथे पडून बघा. घेऊ नका. नुसतं पडा. पाठीला विचारा."

पाठीला विचारायचं म्हणून ताई चपला काढून संकोचाने पडली. डोळे उघडले तेव्हा दुकानातले दिवे लागले होते, तिच्या अंगावर एक नवीकोरी चादर होती, किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती, आणि विक्रेता तिची पर्स मांडीवर घेऊन राखणीला बसला होता. बाबा गेल्यापासूनची तिची ती पहिली झोप.

"अहो, उठवायचं नाही का!" ती शरमेने लालबुंद झाली.

"का उठवायचं? तुमच्याकडे बोट दाखवून दोन गाद्या विकल्या मी," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने भाव केला नाही. कार्ड काढलं, आकडा ऐकला आणि यंत्राची बटणं दाबली. अभ्रे राहूनच गेले.

आता, माणसाच्या हातून एखादी चैन झाली तर ती निदान गुपचूप तरी घरात यावी. पण ही गादी आतून स्प्रिंगांची. ती वाकत नाही, दुमडत नाही, कुणाचं ऐकत नाही. आठवड्याने हमालांनी ती पहिल्या मजल्यापर्यंत आणली, आणि जिन्याच्या वळणावर ती अशी अडकली, की वरच्यांना खाली येता येईना आणि खालच्यांना वर जाता येईना. ऑडिटरकाका वर अडकले. हे काका दुसऱ्या मजल्यावरचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लेखापरीक्षण निवृत्त झालेलं नव्हतं. खालच्या बाजूला तळमजल्याच्या मावशी आणि हळूहळू उरलेली इमारत.

"तिरकी करा, तिरकी!" वरून काका. "कर्णरेषेत घ्या!"

"आधी डोकं काढा," खालून मावशी.

"गादीला डोकं कुठलं हो?" हमाल कळवळून म्हणाला.

"डोकं घेणाऱ्याला असायला हवं होतं. मी म्हटलं होतं, कापसाची घे," वरून कुठूनतरी आत्याचा आवाज आला. तिने तसं काही म्हटलं नव्हतं.

ताई खालच्या पायरीवर गादीला दोन्ही हातांनी टेका देऊन उभी होती. मावशींनी गादीवर हळूच हात फिरवला, बोटाने एकदा दाबून पाहिलं आणि सहज विचारलं, "हीच का गं ती? अठ्ठावीस हजारांची?"

ताईने टेका सोडला. गादी मात्र जागची हलली नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कसं काय? सगळ्यांना कळलंय. पानावर आलंय ना!"

"कुठल्या पानावर?"

"बोळनिधीच्या. अगं, आम्ही वाचतो की रोज! तुझे ते दातांचे झाले का गं पैसे देऊन? दोन हप्ते राहिले होते."

पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार ताईने प्रुफांत शेकडो वेळा तपासला असेल. जिन्याच्या पायऱ्या दगडी असतानाही तो इतका तंतोतंत लागू पडतो, याची तिला कल्पना नव्हती. ती पायरीवर बसली, आणि मावशींच्या मोबाईलवर तिने ते पान पहिल्यांदा नीट पाहिलं.

इथे बोळनिधीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. खटला चालवायला पैसा लागतो म्हणून बाबांनी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा करायचं ठरवलं होतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पान उघडून दिलं, आणि बघता बघता कुठून कुठून पैसे आले. ज्यांचे ज्यांचे बोळ कुणी ना कुणी गिळले होते, त्या सगळ्यांनी पाठवले. प्रश्न आला खात्याचा. बँक म्हणाली, निधीचं वेगळं खातं हवं तर नोंदणीकृत संस्था दाखवा. नोंदणी कचेरी म्हणाली, संस्था नोंदवायची तर तिचं बँक खातं दाखवा. बाबा या दोन खिडक्यांमध्ये महिनाभर हेलपाटे घालत राहिले, आणि शेवटी त्यांनी निधी घरच्याच खात्यात घेतला. ज्यात त्यांचं पेन्शन येई, ताईचा पगार येई आणि ज्यातून घराचा सगळा खर्च जाई. इथवर ताईला माहीत होतं.

माहीत नव्हतं ते पुढचं. सरळ माणूस सरळ रेषेत चालत राहिला की कुठल्या खड्ड्यात पडेल याचा नेम नसतो. बाबांनी असा विचार केला: लोकांचा पैसा ज्या ताटात पडला, ते ताट झाकून ठेवायचं नाही. म्हणून बँकेकडून दर महिन्याला येणारा खात्याचा उतारा, अथपासून इतिपर्यंत, आपोआप त्या पानावर चढेल अशी सोय त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून करून घेतली. नुसत्या वकिलाच्या पावत्या नव्हेत. सगळा उतारा. दीड वर्षाचा. आणि मोबाईलवरून पैसे देताना 'कशासाठी' हा रकाना बापलेक दोघंही नेमाने भरत, त्यामुळे उताऱ्यात खरेदीसुद्धा नावानिशी.

ताई वाचत गेली. तिची पुस्तकं होती, दातांचे हप्ते होते, परत केलेल्या चपला होत्या. दर महिन्याला घेतलेला केसांचा रंगही होता. आपले केस उपजत काळे आहेत असा साऱ्या इमारतीचा समज आहे, असा तिचा समज होता.

"छान बसतो हो तो रंग तुला," मावशी प्रेमाने म्हणाल्या. "मीही तोच आणला."

आणि प्रत्येक उताऱ्याखाली वर्गणीदारांच्या शंका. 'सहा बनियन एकदम कशाला?' 'बिस्किटे कोणासाठी?' 'चष्मा गेल्या वर्षीच झाला होता ना?' त्या प्रत्येक शंकेखाली बाबांचं उत्तर होतं. हे दीड वर्ष संध्याकाळी बाबा टेबलाशी बसून एका बोटाने काय टंकत असत, ते आत्ता कळलं. ताईला वाटायचं, वकिलांना पत्रं. एके ठिकाणी कुणी विचारलं होतं, 'महिन्याला एवढी पुस्तके?' खाली बाबा: 'पुस्तके कन्येची. तिचा पगार याच खात्यात येतो आणि मीच तिच्या पगारावर अधूनमधून जगतो. तिच्या खर्चाविषयी कृपया विचारू नये. बनियनविषयी अवश्य विचारावे.'

ताई हसली की काय, ते वरच्यांना दिसलं नाही. मध्ये गादी होती.

गादी शेवटी सुताराला बोलावून, कठड्याचे दोन गज आणि घराची चौकट काढून आत आली. ताईने ती भिंतीला उभी करून ठेवली आणि स्वतः दिवाणावरच्या खळग्यात परतली. ज्या गादीबद्दल अख्ख्या जगाला ठाऊक आहे तिच्यावर झोपायचं कसं? आपण चव्हाट्यावर आडवे पडलोय असं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून पानावर शंकांचा पाऊस पडू लागला. आणि आता उत्तर द्यायला बाबा नव्हते. 'न्याय हवा म्हणून पैसे दिले, गादी हवी म्हणून नव्हे.' 'आम्ही चटईवर झोपतो.' एकाने लिहिलं, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत, दुसऱ्याच्या पैशाने अंथरूण पसरू नये.' वाक्य चांगलं होतं. ताईला त्यात दुरुस्ती सुचेना, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

पान बंद करावं म्हणून तिने त्या वर्गणीवाल्या कंपनीला फोन लावला.

"पान बंद करायला खातेदारांनी स्वतः विनंती करायला हवी, मॅडम. खातेदारांना फोन देता का?"

ताईने रिसीव्हर कानापासून दूर धरला. आत्याने तो हिसकावून घेतला आणि खातेदार कुठे आहेत ते खणखणीत आवाजात सांगितलं. पलीकडचा आवाज म्हणाला, "क्षमस्व. तसं असेल तर खातेदारांनी तसा ईमेल करावा."

आगीतून निघून फुफाट्यात पडायचं राहिलं होतं, ते वकीलसाहेबांच्या कचेरीत झालं. वकीलसाहेबांच्या टेबलावर फायलींचे इतके ढीग, की ते बोलताना नुसतं कपाळ दिसे.

"आता बघा," कपाळ म्हणालं, "हॉटेलवाल्यांच्या वकिलाने ते पान अख्खं छापून न्यायालयात लावलंय. परिशिष्ट सत्तावीस, वादीचे बनियन. परिशिष्ट अठ्ठावीस, गादी. म्हणणं असं, की वादी हा लोकांच्या पैशावर मौज करणारा इसम होता आणि खटला हे त्याचं निमित्त."

मौज! ज्या माणसाने फाटक्या छत्रीला आतून टाका घातला आणि तो टाकासुद्धा सरळ मोजून घातला, त्याने मौज!

"हे लिहिलंय? कागदावर? न्यायालयाच्या?"

"दप्तरी दाखल. आणि आपण खोडून काढलं नाही तर तसंच राहील. बोळाचं नंतर बघू, बोळ आज ना उद्या सुटतो. पण बाबांचं नाव असं निकालपत्रात आलं तर कायमचं आलं."

"मग काय करायचं?"

"वर्गणीदारांचं निवेदन हवं. आमचा यांच्यावर विश्वास आहे, पैशाचा गैरवापर झालेला नाही, असं. इमारतीतल्या लोकांनी सह्या केल्या तरी पुरे. आणि हो, ती गादी तेवढी परत करा."

"ती बाहेर निघत नाही."

वकीलसाहेब पहिल्यांदाच फायलींवरून डोकावले. तीस वर्षांच्या वकिलीत हा बचाव त्यांनी ऐकला नव्हता.

इमारतीची सभा रविवारी वाहनतळात भरली. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, एक टेबल, त्यावर ऑडिटरकाकांनी दीड वर्षाचे उतारे छापून, भोकं पाडून, दोऱ्यात ओवून आणलेले. हातात दोन रंगांची पेनं. ताईने निवेदनाचा मसुदा आणला होता आणि स्वतःचं भाषणही, ज्याची प्रुफं तिने तीनदा तपासली होती. त्यात एकही चूक नव्हती. पण माणसांकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं, की त्यात एकही जिवंत वाक्यही नाही. तिने कागद घडी करून ठेवला.

"हे बघा, मी कुणावर आरोप करत नाही," काकांनी सुरुवात केली. "मी फक्त टिक करतो. टिक झाली की झालं. इमारत माझ्या सहीवर सही करायला तयार आहे. बरोबर ना?"

इमारत बरोबर म्हणाली.

"तर बनियन. सहा."

"त्याचं उत्तर बाबांनी दिलंय," ताई म्हणाली आणि तिने मोबाईलवरून वाचून दाखवलं: "'आपली शंका रास्त आहे. न्यायालयात पंखा आमच्या बाजूला नाही, प्रतिवादींच्या बाजूला आहे. घाम आल्यावर जुने बनियन शर्टातून भोकांसकट दिसतात व पक्षाची बाजू दुबळी वाटते. सबब नवे घेतले. खर्च पेन्शनमधून.'"

कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी टिक केली.

"कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या."

"न्यायाधीश हळू बोलतात. हा खरं तर खटल्याचाच खर्च. बाबांनी तो निधीतून घेतला नाही. म्हणाले, कान माझेच आहेत."

टिक.

"बिस्किटं. दर आठवड्याला."

"हॉटेलच्या पहारेकऱ्याला."

"शत्रूला?" मावशी उडाल्या. "आपल्या शत्रूला बिस्किटं?"

"बाबा म्हणायचे, कुलूप मालकाचं आहे, भूक याची आहे."

मावशींनी पदराने नाक पुसलं आणि पुढच्या क्षणी, आपण पाघळलो हे लक्षात येऊन, आवाज चढवला. "बरं, बनियन झाले, बिस्किटं झाली. गादीचं बोला! आम्ही निधीला पैसे दिले ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, त्यांना लांबच्या रस्त्याने चालवत नाही म्हणून. सासूबाई अजून लांबच्याच रस्त्याने जातात, आणि तू स्प्रिंगांवर!"

"गादी माझ्या पगारातून घेतली, मावशी."

"पगार आणि निधी एकाच हंड्यात. त्यातलं कुठलं पाणी तू प्यालीस, ते हंड्याला तरी कळतं का?"

हा प्रश्न बिनतोड होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाने स्वतःच आपली झोळी चोराच्या गाठोड्यात मिसळून ठेवली असेल तर फाशी देणाऱ्याचं तरी काय चुकलं? वाहनतळात कुजबुज वाढली. मागून कुणी म्हणालं, "म्हातारा असेल सरळ, पण मुलगी..." आणि आत्या खुर्चीवरून अर्धी उठली.

"थांबा!" ऑडिटरकाकांनी टेबलावर पेन आपटलं. "हंड्याला कळत नसेल, मला कळतं. आठ दिवस मी दुसरं काय केलं? निधीत आलेले पैसे वजा वकिलाला आणि न्यायालयाला दिलेले, म्हणजे उरलेला निधी. तो आकडा मी प्रत्येक तारखेला काढला, आणि खात्यातली शिल्लक शेजारी मांडली. शिल्लक एकाही दिवशी निधीच्या खाली गेलेली नाही. एकदा चष्म्याच्या वेळी जवळ आली होती, तर त्या महिन्यात या दोघांनी," काकांनी पान उलटलं, "या दोघांनी घरात जवळजवळ काहीच आणलेलं दिसत नाही. मावशी, निधीला हात लागलेला नाही. गादी तिची आहे."

काकांनी गादीवर टिक केली. जरा मोठीच केली. ताईला वाटलं, संपलं. तिने निवेदन पुढे सरकवलं. पहिल्या सहीसाठी काकांनी पेन उघडलं, आणि तसंच धरून ते उताऱ्याकडे बघत राहिले. जन्मभराची सवय; शेवटच्या पानावर एक आकडा डोळ्यांत खुपत होता.

"एकच बारीक शंका राहिली, ताई. एवढी सुटली की सही केलीच. दूध."

"दूध?"

"दुधाचं बिल दर महिन्याला तेवढंच आहे. बाबा होते तेव्हा जेवढं, गेले दोन महिनेही तेवढंच. घरात माणूस एक..." काकांनी उताऱ्याचं पान उगाच सरळ केलं. "म्हणजे, कमी व्हायला हवं होतं. पैसे किरकोळ आहेत. पण विरुद्ध बाजूच्या वकिलालाही हे दिसणार, आणि तो विचारणार."

"मी पिते ते!" आत्या गरजली. "मी आले ना राहायला! मला काय दूध लागत नाही?"

"अहो, काल माझ्याकडे दोन कप काळा चहा घेतलात तुम्ही," मावशी नकळत बोलून गेल्या. "दुधाने पित्त होतं म्हणून."

"ते... कालपुरतं होतं," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

"मग दूध जातं कुठे?" मागच्या खुर्चीवरून प्रश्न आला. "विकतात की काय?"

बनियन निभले, गादी निभली, आणि बाबांचं नाव येऊन अडलं ते दुधाच्या पिशवीपाशी. सगळे ताईकडे बघत होते. रागाने नाही, नुसते बघत होते. तिला हे सगळं एकदम अशक्य वाटलं: हे वाहनतळ, या खुर्च्या, आपल्या घरातल्या दुधाबद्दल बोलणारी ही एवढी माणसं.

"नासतं," ती म्हणाली. "अर्धं रोज नासतं. मी ओतून देते."

"मग बंद नाही का करायचं?" काकांचा आवाज अगदी साधा होता. "दूधवाल्याला सांगितलं की झालं."

"सांगायला गेले होते."

"मग?"

"तो पहाटे पिशव्या दाराला अडकवून जातो. एक माझी आणि एक बाबांची, वेगळ्या रंगाची. दोनदा मुद्दाम लवकर उठून दारात उभी राहिले. तो म्हणाला, 'काका दिसत नाहीत हल्ली?' मी म्हटलं, 'उद्या सांगते.'" तिला इतकं बोलायची सवय नव्हती. "नातेवाइकांना आत्याने सांगितलं. न्यायालयात वकिलांनी सांगितलं. वर्तमानपत्रात छापून आलं. मला कुणालाच सांगावं लागलं नाही, काका. सांगायचा तो एकटा राहिलाय. पिशवी बंद करायची तर त्याला कारण सांगावं लागेल."

ऑडिटरकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उताऱ्याच्या कडेला, दुधाच्या आकड्यासमोर, शेऱ्याची जागा कोरी होती. त्यांनी पेन त्या जागेवर टेकवलं.

"इथे काय लिहू, बाळ?" त्यांनी विचारलं.

ताई उठून उभी राहिली. उभं राहायची काही गरज नव्हती.

"लिहा," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझे बाबा गेले."